सीलच्या कातड्याचा बूट आणि पोलिसांची बंदूक

कुत्र्याचा बूट म्हटला की आपल्यापुढे बंगलेवाल्यांचे लाड उभे राहतात. माणसाच्या पायात चप्पल नाही आणि यांना कुत्र्याच्या पायाची काळजी, असे आमचा वाचक म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण हा बूट मुळात लाडाचा नाही, श्रमाचा आहे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणाऱ्या इन्युइट या मूलनिवासी समाजाने तो आपल्या कुत्र्यांसाठी शिवला. या समाजाची शिकार, प्रवास, अन्न सारे कुत्र्यांच्या घसरगाडीवर अवलंबून होते. कुत्रा लंगडला की चूल थंड पडे.

निसर्गाने कुत्र्याला उघडे सोडलेले नाही. त्याच्या तळव्यात रक्त नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात. खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते. जपानमधील यामाझाकी गाकुएन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. म्हणून बर्फाळ मुलखातला कुत्रा अनवाणी उभा राहू शकतो.

मग बूट कशाला? कारण त्याचा मोठा शत्रू नुसती थंडी नाही. बोटांमधल्या केसांत बर्फ शिरतो, अंगाच्या उबेने वितळतो, पुन्हा गोठतो आणि त्याच्या गोळ्या होतात. बुटात खडा घेऊन दहा कोस चालून पाहा, म्हणजे कळेल. कुत्रा त्या गोळ्या दातांनी उपटतो, त्यासोबत केस आणि कातडीही जाते. वसंतात तर अधिकच वाईट. वरचे हिम वितळून गेले की खालच्या बर्फाचे सुयांसारखे टोकदार कंगोरे उघडे पडतात आणि तळवे चिरले जातात. त्या दिवसांसाठी इन्युइट स्त्रिया सीलच्या कातड्याच्या पिशव्या शिवत आणि त्या कुत्र्यांच्या पायाला बांधल्या जात. काही बुटांना नखांसाठी भोकेही ठेवलेली असत, म्हणजे बर्फावर पकड सुटू नये. हे शास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवले होते?

आज अलास्कात 1973 पासून चालणाऱ्या इडिटारॉड या सुमारे हजार मैलांच्या शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे 8 बूट जवळ असलेच पाहिजेत, असा नियम आहे. 14 कुत्री धरली तर एका वेळी 56 बूट. हाडे गोठवणाऱ्या थंडीत हातमोजे काढून ते एकेक करून चढवायचे. फार आवळले तर रक्त अडते, सैल राहिले तर गळून पडतात. मुक्कामाला ते काढून पाय सुकू द्यावे लागतात, प्रत्येक पंजा उलटून पाहावा लागतो, मलम लावावे लागते.

न्यू जर्सी, टोरंटोकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना दुसराच त्रास भेडसावतो. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ तळव्यांना झोंबते, भेगांत शिरते आणि चाटल्यावर पोटात जाते. मोटारींतून गळणारे गोठणरोधक द्रव्य चवीला गोड असते, पण त्यातले इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. तेव्हा फिरून आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा, तिथले केस कापून ठेवा. याला पैसा लागत नाही.

परंतु ज्यांनी कुत्र्याच्या पायाची एवढी काळजी घेतली, त्यांच्या कुत्र्यांचे पुढे काय झाले? 1950 आणि 1960 च्या दशकांत कॅनडा सरकारने इन्युइटांना विखुरलेल्या छावण्यांतून वसाहतींत आणले. तिथे कुत्री बांधून ठेवण्याचा कायदा लावला. मोकळी फिरणारी, धावून ताकद राखणारी ही कुत्री सरकारी नजरेत भटकी आणि धोकादायक ठरली. पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या, अनेकदा मालकाच्या डोळ्यांदेखत. नुनाविक भागात हजाराहून अधिक कुत्री मारली गेल्याचे क्युबेकमधील निवृत्त न्यायाधीश क्रोतो यांनी 2010 साली अहवालात नोंदवले. कुत्री गेली, तशी शिकारही गेली. सन्मानाने जगणारा शिकारी सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिला. ही कुत्र्यांची हत्या होती की एका समाजाच्या स्वावलंबनाची?

इन्युइटांनी हा प्रश्न सोडला नाही. त्यांनी स्वतःचा सत्यशोधन आयोग नेमला, म्हाताऱ्यांच्या साक्षी नोंदवल्या. 2011 मध्ये क्युबेक सरकारने, 2019 मध्ये किकिक्तानी भागातील इन्युइटांची केंद्र सरकारने आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच सरकारने नुनाविकच्या इन्युइटांची माफी मागितली. शेवटच्या माफीसोबत साडेचार कोटी डॉलर जाहीर झाले. त्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांची परंपरा पुन्हा उभी करण्याचे कामही आहे. म्हणजे पुन्हा पिल्ले वाढवावी लागतील, त्यांना जुंपायला शिकवावे लागेल आणि वसंत आला की त्यांच्या पायांसाठी बूटही शिवावे लागतील.