झाकलेल्या बाटल्या आणि उघड होणारी बाग : शॅम्पेनच्या तुलनात्मक आस्वादनातून काय कळते?

टेबलावर सहा बाटल्या आहेत. प्रत्येक बाटली कापडी पिशवीत झाकलेली असून तिच्यावर केवळ क्रमांक आहे. प्रत्येकासमोर एकाच आकाराचे सहा ग्लास, पाणी, साधा पाव आणि घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले आहे. शॅम्पेनच्या जाणकार रसिकांची बैठक बहुधा अशीच सुरू होते. आपली टिपणे पूर्ण होईपर्यंत कोणीही मत उघडपणे मांडत नाही, कारण एकाने उच्चारलेला ‘लोण्याचा वास’ क्षणात इतरांच्याही नाकात शिरतो. काही ठिकाणी तर एकच वाइन मुद्दाम दोन क्रमांकांखाली ठेवतात. तिला दोन वेगवेगळे गुण देणारा आस्वादक आपल्या मताकडे अधिक नम्रतेने पाहू लागतो.

कृषी संशोधकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. वाणांच्या चाचणीत एक घटक बदलून बाकीचे समान ठेवले, तरच निष्कर्षाला अर्थ राहतो. शॅम्पेनच्या आस्वादनालाही तोच नियम लागू आहे.

प्रदेश आणि पद्धत

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडील थंड हवामानाचा द्राक्षप्रदेश आहे. येथे सुमारे 34,000 हेक्टर क्षेत्रावर द्राक्षबागा असून त्या सुमारे 16,000 बागायतदार सांभाळतात. पिनो न्वार, म्युनिए आणि शार्दोने हे तीन वाण जवळजवळ सर्व क्षेत्र व्यापतात. त्यांपैकी पहिले दोन काळ्या सालीचे आहेत. घड हातानेच तोडावे लागतात व अखंड स्वरूपातच दाबयंत्रात जातात, त्यामुळे सालीचा रंग रसात उतरत नाही. 4,000 किलो द्राक्षांपासून 2,550 लिटरच रस घेता येतो. त्यातील पहिला 2,050 लिटर रस अधिक नाजूक व आम्लयुक्त मानला जातो.

पहिल्या किण्वनानंतर वाइन बाटलीत भरताना प्रतिलिटर सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट मिसळतात. बंद बाटलीतील दुसऱ्या किण्वनामुळे सुमारे सहा वातावरणांइतका दाब निर्माण होतो. मृत यीस्टचा गाळ बाटलीत राहतो व हळूहळू विघटित होऊन पाव, बिस्किट, भाजलेला सुकामेवा अशा गंधांची देणगी देतो. वर्षाचा उल्लेख नसलेली शॅम्पेन किमान 15 महिने, तर वर्षांकित शॅम्पेन किमान तीन वर्षे तळघरात राहिल्याशिवाय बाजारात येत नाही.

एका वेळी एकच प्रश्न

सहा निरनिराळ्या शॅम्पेन एकत्र मांडल्या तर आवडनिवड कळते, कारण मात्र कळत नाही. म्हणून अनुभवी मंडळी बैठकीपूर्वी प्रश्न निश्चित करतात. वाणाचा परिणाम पाहायचा असेल, तर केवळ शार्दोनेची आणि केवळ काळ्या द्राक्षांची शॅम्पेन शेजारी ठेवतात. पहिलीत लिंबू, हिरवे सफरचंद व ताठ आम्लता, तर दुसरीत लाल फळांची आठवण आणि भरदारपणा बहुधा जाणवतो.

साखरेचा परिणाम पाहताना एकाच उत्पादकाच्या दोन श्रेणी घेतात. गाळ काढल्यानंतर बाटलीत किती साखर घातली, यावर या श्रेणी ठरतात. ‘ब्रूट’मध्ये प्रतिलिटर 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, तर ‘ब्रूट नात्युर’मध्ये साखर घालत नाहीत व एकूण साखर तीन ग्रॅमपेक्षा कमी असते. साखरेचे पांघरूण निघाले की द्राक्ष कच्चे तोडले होते की योग्य पक्वतेला, हे जिभेला चटकन कळते. म्हणून आस्वादनाचा क्रम कमी साखरेकडून अधिक साखरेकडे ठेवतात.

गाळ काढल्याची तारीख हा तिसरा घटक आहे. अनेक उत्पादक ती मागील लेबलवर छापतात. तीच वाइन सहा महिन्यांपूर्वी आणि तीन वर्षांपूर्वी गाळ काढलेली असेल, तर दोन बाटल्यांची चव एक राहत नाही. ही तारीख न पाहता केलेली तुलना फसवी ठरू शकते.

बुडबुड्यांचा भ्रम

बारीक बुडबुडे म्हणजे उत्तम शॅम्पेन, ही समजूत दृढ आहे. रँस विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांच्या अभ्यासातून दिसले, की ग्लासमधील बुडबुडे प्रामुख्याने काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमध्ये अडकलेल्या हवेपासून जन्म घेतात. हे तंतू पुसण्याच्या कापडातून किंवा हवेतून येतात. म्हणजे बुडबुड्यांची माळ वाइनइतकीच ग्लासची कहाणी सांगते. त्यामुळे परीक्षणात सर्व ग्लास एकाच प्रकारे धुतलेले व पुसलेले असावे लागतात. गंध साठण्यासाठी उभट, अरुंद ग्लासपेक्षा मध्ये फुगीर व वर निमुळता ग्लास अधिक उपयुक्त ठरतो. तापमान 8 ते 10 अंश सेल्सिअस ठेवतात, कारण त्याहून थंड वाइनचे गुण आणि दोष दोन्ही झाकले जातात.

लेबलवरील दोन अक्षरे

पिशव्या उतरल्यावर जाणकारांची नजर लेबलवरील बारीक अक्षरांकडे जाते. ‘एनएम’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊ शकणारी व्यापारी पेढी, ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्या बागेतील द्राक्षांपासून शॅम्पेन करणारा बागायतदार आणि ‘सीएम’ म्हणजे सहकारी संस्था. बहुतांश बागा बागायतदारांच्या मालकीच्या असल्या, तरी जगभर गाजलेली नावे मुख्यतः पेढ्यांची आहेत.

या तफावतीमागे मोठा संघर्ष आहे. काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशांतून स्वस्त द्राक्षे व वाइन आणून ती शॅम्पेन म्हणून विकत, तर स्थानिक शेतकऱ्याला भाव मिळत नसे. 1911 मध्ये हा असंतोष दंगलींत फुटला, तळघरे फोडली गेली आणि सैन्य बोलवावे लागले. 1927 च्या कायद्याने प्रदेशाची सीमा निश्चित झाली. आज भौगोलिक मानांकनाचे जे संरक्षण गृहीत धरले जाते, त्याची किंमत अशी चुकवली गेली आहे. झाकलेल्या बाटल्यांच्या बैठकीत अपरिचित बागायतदाराची शॅम्पेन नामांकित पेढीच्या बरोबरीने उभी राहू शकते, हे तिचे मोठे मोल होय.

आम्लतेची चिंता

शॅम्पेनचा कणा म्हणजे आम्लता, आणि तीच आता तापमानवाढीच्या दबावाखाली आहे. पूर्वी काढणी साधारणतः सप्टेंबरमध्ये सुरू होई. 2003 मध्ये, आणि त्यानंतर अनेक वर्षी, ती ऑगस्टमध्येच सुरू झाली. उष्णतेत साखर लवकर भरते, मॅलिक आम्ल मात्र घटते. या आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे किण्वन एकेकाळी तीव्र आंबटपणा कमी करण्यासाठी उपयुक्त ठरे. आता काही उत्पादक ताजेपणा टिकवण्यासाठी तेच रोखतात. निरनिराळ्या वर्षांच्या शॅम्पेन शेजारी ठेवल्या, की हवामानाचा हा आलेख जिभेवर उमटतो.

नाशिक परिसरातही बाटलीतील दुसऱ्या किण्वनाच्या पद्धतीने फेसाळ वाइन तयार होते. तिला ‘शॅम्पेन’ म्हणता येत नाही, आणि तशी गरजही नाही. येथे हिवाळा सरताच ऊन चढते व आम्लता वेगाने घटते. म्हणून फेसाळ वाइनसाठीची द्राक्षे साध्या वाइनच्या तुलनेत लवकर तोडावी लागतात. अशा वेळी शॅम्पेनशी सामना लावण्यापेक्षा एकाच बागेतील, आठवड्याच्या अंतराने तोडलेल्या द्राक्षांच्या दोन वाइन झाकून चाखणे बागायतदाराला अधिक उपयोगाचे ठरेल. काढणीचा कोणता दिवस योग्य होता, याचे उत्तर त्या दोन ग्लासांत मिळू शकते.