खिशातलं रेडिओ स्टेशन

सकाळचे सव्वासहा. बजाजनगरच्या मोहटादेवी चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारी फर्स्ट शिफ्टची मंडळी. माना खाली, अंगठे स्क्रीनवर, कानात इअरबड. यांच्यातल्या कुणालाही विचारा, "बॉस, रेडिओ वापरतोस का?" उत्तर ठरलेलं, "छे! आता कोण वापरतं?"

कोण म्हणजे? तूच! आणि एक नाही, निदान चार-पाच.

खिसा तपासूया. कॉल आणि डेटासाठी एक रेडिओ. वायफायचा दुसरा, ब्लूटूथचा तिसरा. चौथा जीपीएसचा. हा बिचारा फक्त ऐकतो, वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येणारी कुजबुज. टॅप करून पेमेंट करत असाल तर पाचवाही आहे. सगळ्यांचं काम एकच : लहरी पाठवायच्या किंवा पकडायच्या. फरक फक्त फ्रिक्वेन्सीचा.

आठवतं, पूर्वी मोबाईलवर एफएम लावायचा तर हेडफोन खुपसावाच लागायचा? ती वायर म्हणजेच अँटेना होती. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासची एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब, आणि तिच्या पाव भागाइतकी तार ती छान पकडते. वायरलेस इअरबड आले आणि ती तार गेली. ब्लूटूथची लहर मात्र जेमतेम साडेबारा सेंटीमीटरची, म्हणून तिचा अँटेना नखाएवढ्या जागेत मावतो.

आता कंपनीचं गेट. कार्ड दाखवलं, पीप, आत! त्या कार्डात बॅटरी नसते. गेटवरचा रीडरच त्याला क्षणभर वीज पुरवतो आणि कार्ड आपला नंबर सांगून मोकळं होतं. कारच्या काचेवरचा फास्टॅगही असाच बिनबॅटरीचा, फक्त त्याची फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, म्हणून तो काही मीटरवरून वाचता येतो.

लंच टाइमला पँट्रीत मायक्रोवेव्हजवळ उभं राहिलं की इअरबडमधलं गाणं अडखळतं, हा अनुभव आहे ना? ओव्हन चालतो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास. ब्लूटूथ आणि जुनं वायफाय त्याच गल्लीतले. ओव्हनमधून थोडीशी गळती झाली तरी शेजाऱ्यांची झोपमोड होतेच!

हे सगळं गोड वाटतं, पण सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा विषय निघाला की मीटिंग पेटते. भाडं हवं असलेले एका बाजूला, घरात लहान मूल असलेले दुसऱ्या बाजूला. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. मात्र त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, धोका सिद्ध झालाय असा नाही. एक्स-रेसारखी अणूमधून इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद या लहरींत नसते. २०१२ मध्ये भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शिवाय टॉवरचा अँटेना लहरी मुख्यतः समोर, क्षितिजाच्या दिशेने फेकतो. त्याच्या थेट खालच्या मजल्यावर त्या कमी पोचतात.

आणि खरी गंमत पुढेच. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावतो, जवळ असला की हळू बोलतो. फोर-जीचा फोन जास्तीत जास्त वॉटचा पाचवा भाग खर्च करतो, पण तो असतो तुमच्या कानाला चिकटून! म्हणजे टॉवरला हाकललं की गच्ची शांत होईल, फोन मात्र ओरडायला लागेल.

लहरींच्या गोंगाटाचा खरा त्रास पाहायचा तर पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळचं खोडद गाठा. तिथे जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश दूरच्या आकाशगंगांचे अतिक्षीण संकेत ऐकतात. त्यांच्यापुढे आपला मोबाईल म्हणजे वाचनालयात वाजणारा बँजो.

वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारपर्यंतच बॅटरी का संपते, तेही यातच आलं. पत्रा लहरी अडवतो, सिग्नलची काडी एकच उरते आणि शर्टाच्या खिशातला फोन दिवसभर टॉवरला जोरजोरात हाका मारत बसतो. अशा वेळी त्याला सरळ एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर कंपनीचं वायफाय आहेच, वॉटच्या दहाव्या भागात भागवणारं.