राखाडी चौकटीतली प्रयोगशाळा

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही भाषा बाजारात आणली, तेव्हा सगळ्यांचे डोळे दिपवले ते ॲपलेटने. वेबपानाच्या आतच चालणारा हा छोटासा प्रोग्राम. पान उघडलं की आधी राखाडी चौकट दिसे, मग बराच वेळ ताटकळणं, आणि मग त्या चौकटीत एखादा लंबक झुलू लागे. कंपन्यांनी त्यात आपली बोधचिन्हं नाचवली. सोनं केलं ते शिक्षकांनी आणि हौशी प्रोग्रामरांनी.

पॉल फॉल्स्टॅड यांचा विद्युतमंडलाचा ॲपलेट घ्या. तारेतून पिवळे ठिपके सरकतात. प्रवाह वाढला की ते पळू लागतात. धन व्होल्टेजची तार हिरवी, ऋण व्होल्टेजची लाल. स्विच दाबला की कपॅसिटर भारित होत जातो आणि ठिपके मंदावत थांबतात. हे आधी काढून ठेवलेलं चलच्चित्र नव्हे. आत क्षणोक्षणी किरचॉफच्या नियमांची समीकरणं सुटत असतात. म्हणूनच रोध दुप्पट केला तर काय होईल, हे मास्तरांना न विचारता करून बघता येतं. फळ्यावरच्या आलेखाला ही सोय नाही.

भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात विज्ञानाच्या अशाच हलत्या प्रतिरूपांचा ‘फेट’ प्रकल्प सुरू केला, तोही याच वाटेने.

पण हे ॲपलेट आज ब्राउझरमध्ये चालत नाहीत. मग घात कशाने झाला? ॲपलेटला संगणकातल्या फायलींना हात लावायची मुभा नव्हती. पण त्या कुंपणाला पुन्हापुन्हा भोकं सापडत गेली. जानेवारी २०१४ मध्ये जावाची तोवरची नवी मालक कंपनी ओरॅकल हिने डिजिटल सही नसलेले ॲपलेट मुळातच अडवायला सुरुवात केली. अधिकृत सहीसाठी प्रमाणपत्र विकत घ्यायचं, मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. जो माणूस सगळं फुकट वाटत होता, त्याच्यावरच हा भुर्दंड! माझ्या मते हौशी मंडळींचा कणा मोडला तो इथे. पुढचं औपचारिक होतं: २०१५ मध्ये क्रोमने जावाचा प्लगइन बंद केला, २०१७ मध्ये फायरफॉक्सने.

याची झळ कशी बसली ते पाहा. अलेक्झांडर बोगोमोल्नी यांचं ‘कट द नॉट’ हे गणिताचं संकेतस्थळ १९९६ पासूनचं. पायथागोरसच्या सिद्धांताच्या शंभरावर सिद्धता तिथे आहेत. बोगोमोल्नी २०१८ मध्ये गेले. सिद्धतांचा मजकूर वाचता येतो, पण जुन्या जावा आकृत्या आजचा ब्राउझर चालवत नाही.

काही ॲपलेट मात्र वाचले. जर्मन शिक्षक वॉल्टर फेंट यांनी आपले ॲपलेट नव्या तंत्रात स्वतः पुन्हा लिहून काढले. फॉल्स्टॅड यांचं विद्युतमंडल जावास्क्रिप्टमध्ये आणलं ते इयन शार्प यांनी; मूळ कोड खुला होता, म्हणून परक्या माणसाला ते करता आलं. ‘फेट’च्या पाठीशी विद्यापीठ होतं, त्यामुळे तिथे एचटीएमएल५मध्ये नव्याने बांधणी झाली. तिथे पडद्यावरचे शब्द कोडपासून वेगळे ठेवलेले असल्याने भाषांतर करणाऱ्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, आणि त्यातली बरीच प्रतिरूपं आज मराठीत चालतात.