अडीच वाजलेच नाहीत

मार्चमधला मंगळवार, रात्रीचे आठ. बाणेरच्या ऑफिसात आम्ही चौघे आहोत, तरी कॉन्फरन्स रूम रिकामी आहे. प्रत्येक जण आपापल्या जागेवर हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसला आहे. आमच्या टीम लीडचा तसा नियमच आहे: एक जण जरी बाहेरून जोडलेला असेल, तरी सगळ्यांनी तसंच जोडायचं. खोलीत एका माइकभोवती घोळका झाला, की आपसातलं बोलणं-हसणं बाहेरच्याला ऐकू जात नाही आणि तो नुसता प्रेक्षक उरतो.

न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा झालेत, क्राकोवमध्ये दुपारचे साडेतीन. एरवी ही मीटिंग न्यू जर्सीच्या दहाला असते. पण परवा रविवारी अमेरिकेने घड्याळं तासभर पुढे केली; युरोप ती मार्चच्या शेवटच्या रविवारी करणार. तोवर न्यू जर्सीचे दहा म्हणजे क्राकोवचे चार नव्हे, तीन. आणि तीनला तिथला सहकारी मुलीला शाळेतून आणायला जातो. लीडने गेल्या आठवड्यातच कॅलेंडर पाहून मीटिंग अर्धा तास पुढे नेली. त्या सहकाऱ्याला विनंती करावी लागली नाही. आत्ता तो वेळेवर हजर आहे, मागे मुलगी काहीतरी खात बसली आहे.

आणखी एक खिडकी अकोल्याची. तिथली मुलगी नुकतीच रुजू झाली आहे, घरूनच काम करते, फारशी बोलत नाही. आजचा विषय: रविवारी पहाटेचा हिशेब जुळवण्याचा स्वयंचलित जॉब चाललाच नाही. न्यू जर्सीतल्या सीनियरला नेटवर्कचा संशय आहे. खरं कारण लीडला दुपारीच कळलंय, पण ती स्वतः सांगत नाही. म्हणते, ज्यांनी शोधलंय त्यांच्याकडूनच ऐकू या.

अकोल्याचा आवाज आधी दबका येतो, मग मोकळा होतो. जॉब न्यू जर्सीच्या पहाटे अडीचला लावलेला होता. रविवारी तिथलं घड्याळ दोनवरून थेट तीनवर गेलं. अडीच वाजलेच नाहीत. वेळ यूटीसी या न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत लावली, तर हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

सीनियर दोन प्रश्न विचारतो. ती लॉग उघडून दाखवते. तो तिथल्या तिथे मान्य करतो आणि नेटवर्कची तक्रार बंद करतो. माझ्या शेजारचा मराठीत "शाब्बास!" म्हणतो, लीड लगेच ते इंग्रजीत सांगते, म्हणजे क्राकोवलाही कळावं.

आता इथे रात्र, तिकडे दिवस. अकोल्याची मुलगी नोंद लिहायला घेते: काय झालं, काय ठरलं, काय अडलंय, अगदीच गरज पडली तर कोणाला फोन करायचा. गप्पांनी ओळख होते, ती हवीच. पण दूरच्या माणसावर भरवसा बसतो तो अशा नोंदीमुळे. ती वाचून तो कामाला लागतो, इथे कोणाची झोप मोडत नाही. त्याच्या वेळेची आपण कदर करतो, हे त्याला कामातूनच कळतं.

बाकीचे निघतात. लीड तिला थांबवते, "गुरुवारची मीटिंग तू घे."

"घेते. क्राकोवसाठी साडेतीनच ठेवायचे ना?"

"हो, महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत."