गाडीतला आवाज आणि ब्रशने लावायचा लेप

मी बोलतोय चाकसूहून. जयपूरहून टोंककडे जाताना हे गाव लागतं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२, तोच जो खाली धुळे, बीड, सोलापूरवरून जातो.

आधी दाराच्या पत्र्यावर टिचकी मारा. 'टण्ण' वाजलं तर पत्रा थरथरतोय. लेप सुकला की रबरासारखा होतो आणि ती थरथर स्वतःत जिरवतो. मग आवाज 'थप' येतो. एवढंच त्याचं काम! खिडकीच्या रबरातून शिरणारा वारा तो अडवत नाही, टायरची घरघरही थोडीच कमी होते. गाडी एकदम शांत होईल या आशेने पैसे घालू नका.

आता इथल्या उन्हाचं. स्वस्त डांबरी शीट तापली की मऊ पडते, छतावरून सुटते. पाण्यात कालवलेला लेप पूर्ण सुकल्यावर ओघळत नाही. पण कोरड्या हवेत त्यावर पटकन साय धरते आणि आत तो ओलाच राहतो. म्हणून गाडी सावलीत घ्या, गंज घासून प्रायमर मारा आणि दोन-तीन पातळ थर द्या, मिळून साधारण २ मिलिमीटर. आधीचा थर सुकल्याशिवाय पुढचा नको.

दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. त्यांवर मास्किंग टेप लावा, लेप ओला असतानाच काढा. ती बुजली तर काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी आत साचतं आणि दार आतून सडतं. त्यापेक्षा आवाज परवडला. काचेची पट्टी, लॉकच्या दांड्या, वायरी यांनाही ब्रश लागू देऊ नका.