व्हेरिकोसील : ऑपरेशन कोणाला, कोणतं आणि कशासाठी?

मूल होत नाही म्हटलं, की आपल्याकडे तपासण्या सुरू होतात त्या बाईपासून. तिच्या सोनोग्राफ्या वर्षानुवर्षं चालतात, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणीही झालेली नसते. त्या तपासणीत शुक्रजंतू कमी दिसले, तर दुरुस्त होऊ शकणारं एक महत्त्वाचं कारण म्हणजे व्हेरिकोसील.

हे असतं काय?

पायाच्या फुगलेल्या शिरा तुम्ही पाहिल्या असतील. तसंच इथेही होतं. वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या झडपा नीट चालत नाहीत, रक्त साचतं, शिरा फुगतात. डावीकडे हे जास्त दिसतं, कारण तिथली शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. आता बघा, वृषणं शरीराबाहेर आहेत ती थंड राहावीत म्हणून. तिथे गरम रक्त साचलं, की शुक्रजंतूंची निर्मिती बिघडू शकते.

पण घाबरू नका. १०० पुरुषांत साधारण १५ जणांना हा त्रास असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना मुलं होतात. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत मात्र हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं.

ऑपरेशन कधी?

तीन गोष्टी जुळल्या तर. एक, उभं करून, जोर लावायला सांगून तपासताना फुगलेल्या शिरा डॉक्टरांच्या हाताला लागायला हव्यात. दोन, वीर्याचा रिपोर्ट निदान दोनदा बिघडलेला हवा. तीन, पत्नीच्या तपासण्या ठीक हव्यात, किंवा तिचा दोष उपचाराने बरा होणारा हवा. फक्त डॉपलर सोनोग्राफीत दिसलं, हाताला काहीच लागत नाही, तर ऑपरेशन करू नये.

पद्धती कोणत्या?

सगळ्यांत तत्त्व एकच : बिघडलेल्या शिरा बंद करायच्या. पोटातून दुर्बिणीने करता येतं, त्याला पूर्ण भूल लागते. मांडीतल्या किंवा मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून कॉइलनेही शीर बंद करतात. आज सर्वांत पसंतीची पद्धत मायक्रोस्कोपची. जांघेजवळ दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेतात. शिरा मोठ्या दिसत असल्यामुळे रक्त आणणारी धमनी आणि लसिकावाहिन्या वाचवता येतात. लसिकावाहिन्या बांधल्या गेल्या, तर वृषणाभोवती पाणी भरतं, म्हणजे हायड्रोसील होतं. या पद्धतीत ते क्वचित होतं, आणि व्हेरिकोसील पुन्हा होण्याचं प्रमाणही सर्वांत कमी असतं.

फरक कधी दिसतो?

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. दर तिघांतल्या साधारण दोघांचा रिपोर्ट सुधारतो. पण रिपोर्ट सुधारणं म्हणजे गर्भधारणेची हमी नव्हे. पत्नीचं वय ३५च्या पुढे असेल, तर इतकं थांबायचं की थेट टेस्ट ट्यूबचा मार्ग घ्यायचा, हे दोघांनी मिळून ठरवावं. वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसतील, तर आधी हॉर्मोन आणि जनुकीय तपासण्या कराव्यात.

श्रोत्यांचा प्रश्न : यानं पुरुषाची ताकद जाते का?

नाही. ही नसबंदी नव्हे. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळीला हात लावत नाहीत, आणि संबंधांवर परिणाम होत नाही. या भीतीपायी तपासणी टाळू नका. तुम्ही टाळता, तेव्हा पत्नीच्या वयाची वर्षं खर्च होत असतात.