हार्लेमचे घड्याळजी

नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात, बार्टेलयोरिसस्ट्राट या बाजारपेठेच्या रस्त्यावर, विलेम टेन बूम यांनी १८३७ मध्ये घड्याळांचे दुकान थाटले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. १८५९ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा कास्पर अठराव्या वर्षीच ॲम्स्टरडॅमला गेला आणि तिथल्या ज्यू वस्तीत त्याने दागिन्यांचे दुकान काढले. पुढे वडील गेल्यावर हार्लेमची पेढी सांभाळायला तो बायको-मुलांसह परतला. त्यानंतरची पन्नासएक वर्षे हे दुकान म्हणजेच कास्पर टेन बूम.

त्यांची आज जी ओळख आहे ती मुख्यतः धाकट्या मुलीमुळे, कॉरीमुळे. 'द हायडिंग प्लेस' (१९७१) आणि 'इन माय फादर्स हाउस' (१९७६) या पुस्तकांत तिने वडिलांविषयी भरभरून लिहिले. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग, समोर उघडलेले घड्याळ आणि काम करता करता चाललेली प्रार्थना, असे हे कास्पर.

दर सोमवारी ते आगगाडीने ॲम्स्टरडॅमच्या नौदल वेधशाळेत जात आणि तिथली अचूक वेळ खिशातल्या घड्याळावर लावून आणत. दुकानातले उंच घड्याळ त्याबरहुकूम जुळवले जाई. आठवड्यात ते फार तर एक-दोन सेकंद इकडेतिकडे झालेले असे, याचा त्यांना अभिमान. पुढे घरात रेडिओ आला, लंडनचे टोले ऐकू येऊ लागले, तरी इंग्रजांच्या वेळेवर विसंबायला त्यांचे मन घेईना!

हातात कसब होते, पण व्यापाराच्या नावाने आनंद. अवघड दुरुस्तीत ते असे रंगून जात की बिल पाठवायचेच राहून जाई. एकदा देणी थकलेली असताना एका श्रीमंत गिऱ्हाइकाने महागडे घड्याळ रोखीने घेतले. आपला जुना घड्याळजी वारला, त्याच्या मुलाला काम जमत नाही, असे तो बोलता बोलता सांगून गेला. कास्पर यांनी त्याचे जुने घड्याळ मागून घेतले, किरकोळ दोष काढून टाकला, त्या मुलावर विश्वास ठेवा म्हणाले आणि सगळे पैसे परत केले. कॉरी संतापली होती.

दुकानाच्या हिशेबाला शिस्त लावली तीही तिनेच. थोरली बहीण बेट्सी आजारी पडली म्हणून कॉरी दुकानात बसू लागली, वह्या चाळल्या आणि बिलांची कसलीच पद्धत नाही हे तिला कळले. तिथेच तिला कामाची गोडी लागली. वडिलांच्या हाताखाली ती घडली, शिकायला स्वित्झर्लंडला बाझेलपर्यंत गेली, आणि १९२२ मध्ये परवाना मिळवून नेदरलँड्समधली पहिली स्त्री घड्याळजी ठरली.

मे १९४० मध्ये जर्मनांनी देश व्यापला. छळातून पळणारे ज्यू दुकानाचे दार ठोठावू लागले आणि ऐंशी ओलांडलेल्या कास्पर यांनी कुणालाही परत पाठवले नाही. दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा असलेले दुकान लपवाछपवीला सोयीचे होते. फोनवर घड्याळांविषयीच बोलणे चाले. तबकडीची अडचण असलेले घड्याळ म्हणजे चेहऱ्यावरून ज्यू म्हणून ओळखू येणारी व्यक्ती. तिला आसरा मिळणे कठीण. खिडकीत आल्पिना घड्याळांच्या जाहिरातीची त्रिकोणी पाटी दिसली की आत यायला हरकत नाही, ही खूण. सर्वांत वरच्या मजल्यावर कॉरीच्या खोलीत विटांची खोटी भिंत उभारून मागे जेमतेम पाऊण मीटर रुंदीची जागा काढली होती. आत शिरायचे ते कपाटाच्या खालच्या फळीमागून.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी धाड पडली. घरातली माणसे आणि दिवसभरात आलेली मंडळी मिळून तीसेक जणांना पकडण्यात आले. म्हातारा म्हणून कास्पर यांना सोडायची तयारी अधिकाऱ्याने दाखवली, अट एवढीच की पुन्हा भानगड नको. आज घरी गेलो तर उद्या जो दार ठोठावेल त्याच्यासाठी ते उघडेन, असे त्यांनी सांगितले. दहा दिवसांनी, ९ मार्चला, कैदेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. वय ८४.

भिंतीमागे सहा जण होते. घरावर पहारा असूनही ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. सुमारे ४७ तासांनी भूमिगत चळवळीतल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. तुरुंगातल्या कॉरीला हे कळले ते बहीण नॉलीने पाठवलेल्या पार्सलावरून. पत्त्याची अक्षरे तिकिटांकडे कललेली पाहून तिने तिकिटे ओली करून सोडवली. खाली बारीक अक्षरांत निरोप होता: कपाटातली सगळी घड्याळे सुखरूप आहेत.

बेट्सी डिसेंबर १९४४ मध्ये राव्हेन्सब्रुक छळछावणीत वारली. त्याच महिन्याच्या अखेरीस कॉरीची सुटका झाली आणि पुढे देशोदेशी फिरून तिने ही हकिगत सांगितली. १९८८ मध्ये घराचे संग्रहालय झाले. खोट्या भिंतीचा थोडा भाग फोडला आहे, त्यातून मागची जागा पाहता येते. तळमजल्यावर घड्याळे आणि दागिन्यांची विक्री त्यानंतरही चालू राहिली.